राठोड सरांचा जुना कर्नल

राठोड सर चहा बिघडला तरी एका दिवशी एकच गोष्ट बदलू द्यायचे. "आज साखर कमी कर. पत्ती उद्या. दोन्ही एकदम बदललं तं बिघाड कशानं झाला, कसं कळंल?" कळमनुरीच्या स्टँडवरचा चहावाला वैतागायचा. आठवडाभर मीही त्यांच्यासोबत तो पाणचट चहा प्यायलो.

साल दोन हजार चारच्या आसपासचं. आमच्या कॉम्प्युटर क्लासात मी टायपिंग शिकवायचो आणि सर बाकी सगळं. मुख्य मशीनवर त्यांनी लिनक्स नावाची सिस्टीम बसवली होती, तीही तयार नव्हे. प्रत्येक प्रोग्रामचा मूळ कोड आणून तो मशीनवरच घडवायचा. एकेकाला दिवस लागायचा, त्यात लाइट जायची. सर न चिडता पुन्हा सुरू करायचे. "तयार माल बिघडला तं उकलून पाहता येत न्हाई," म्हणायचे.

सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. नवा कर्नल घडवला तरी सर चालता जुना जपून ठेवत. नवा अडला की जुन्यावर मशीन सुरू व्हायचं. क्लासचे मालक थट्टा करायचे, "काय राठोड, कर्नलसाहेब रिटायर झाले का न्हाई?" पण हा सगळा खटाटोप मालकांना नकोच होता. शेवटी त्यांनी बजावलं, "एकदा जरी मशीन बंद पडलं तं मी तयार सिस्टीम टाकून घेतो."

त्याच आठवड्यात मला गाणी भरायला जागा हवी होती. पासवर्ड सरांनीच विश्वासानं दिलेला. जुना कर्नल मला अडगळ वाटला, म्हणून मी तो त्याच्या सगळ्या सामानासकट उडवला. लाज वाटते सांगायला, गाणीही धड नव्हती.

सोमवारी नवा कर्नल अडला. जुना जागेवर नव्हता. सरांनी सीडीवरून मशीन सुरू केलं आणि कुणी काय केलं याची नोंद वाचली. तिथं माझं नाव होतं. मागं मालक उभे होते.

"माझ्याच हातून गेला," सर म्हणाले.

मी मान खाली घालून बसलो. दुपारपर्यंत सरांचं दोन वर्षांचं काम पुसून मशीनवर तयार सिस्टीम आली.

संध्याकाळी जीपची वाट पाहताना मी कसंबसं विचारलं, "सर, काहून घेतलं अंगावर?"

"तुमचं नाव सांगितलं असतं तं मालकानं तुमाला काढलं असतं." ते रस्त्याकडं पाहत राहिले. "मंग मी कोणाशी बोललो असतो?"

पुढच्या महिन्यात मालकांनी सरांनाच काढलं. तेव्हा मी तिथंच बसलो होतो, आणि तेव्हाही गप्पच राहिलो.