मेश्रामबाईंच्या दोन बादल्या

मेश्रामबाईंकडे चहा मिळतो, पण लगेच मिळत नाही. आधी अंगणातल्या दोन बादल्या हातात घ्याव्या लागतात. एक भरलेली, एक रिकामी. भरलेलीतलं पाणी उंचावरून रिकामीत ओतायचं, मग परत पहिलीत, आणि बाई "हौ, झालं" म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

माझी बदली गोंदियाहून बालाघाटला झाली आणि आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो. पहिल्याच सकाळी, नळ किती वाजता येतो एवढंच विचारायला मी त्यांच्या फाटकाशी गेलो. बाईंनी मला नीट न्याहाळलं, विशेषतः माझे दंड, आणि बादलीकडे बोट दाखवलं. बैहरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलेलं. त्यांनी बोट दाखवलं की माणूस उठून फळ्याकडेच निघतो. मी बादली उचलली. नळाची वेळ मला दुसऱ्या दिवशी कळली, तीही दुसऱ्याच कोणाकडून.

हा सगळा खटाटोप माशांसाठी. बाईंच्या बैठकीत काचेची मोठी टाकी आहे आणि तीत रंगीत शेपट्यांचे गप्पी मासे. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. म्हणून बाई माशांना फिल्टरचं पाणी देतात, त्यात थोडं नळाचं मिसळून. एवढं शुद्ध पाणी मिळाल्यावर माशांची तक्रार काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि ओतता ओतता त्याचं उत्तर ऐकलं. फिल्टर क्षार अडवतो, गाळ अडवतो, पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याला अडवता येत नाही. आपण श्वासातून सोडतो तोच वायू, सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच. त्यानं पाणी आंबट होतं. असं पाणी तसंच टाकीत गेलं की मासे वर येऊन तोंडं उघडतात. पाणी घुसळलं, उंचावरून पाडलं, की तो वायू हवेत निघून जातो.

बाईंच्या भाषेत हे फार थोडक्यात आहे. "पान्याच्या पोटात हवा कोंडली हाय. मोकळं होऊ द्या त्याले."

मधूनच त्या आंबटपणा दाखवणारी कागदाची एक पट्टी पाण्यात बुडवतात. पट्टी पिवळी झाली तर "अजून रुसलं हाय" म्हणतात आणि आपण पुन्हा ओतायला लागतो. हिरवी झाली की चहा.

यातून कोणीच सुटलं नाही. कुरिअरवाला हेल्मेट न काढता ओतून जातो. मीटर वाचायला येणारा तर शर्टाच्या बाह्या दुमडूनच फाटक उघडतो. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आला, त्याच्या जोडलेल्या हातांत बाईंनी बादली अडकवली. बाहेर कार्यकर्ते घोषणा देत होते आणि आत उमेदवार पाणी ओतत आपल्या आईच्या गुडघेदुखीबद्दल सांगत होता. बाई फक्त "मंग?" एवढंच विचारतात. माणसाची नजर धारेवर असते, आणि तोंड आपोआप चालू होतं.

सगळ्यात मोठी गंमत तिरोडीच्या पाहुण्यांची. आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी लग्नाची मुलगी होती. तिला पाहायला तिरोडीहून माणसं आली आणि चुकून बाईंच्या दारात उतरली. मी तेव्हा बादलीवर होतो, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"पाहाले आलो जी," मुलाचे वडील म्हणाले.

बाईंना त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे लोक मासे पाहायला येतातच. त्यांनी मंडळींना बसवलं, आणि मुलाच्या वडिलांच्या कडक इस्त्रीच्या सफारीची पर्वा न करता माझी बादली त्यांच्याकडे दिली. मुलाच्या आईनं विचारलं, स्वभावानं कशी आहे? बाई म्हणाल्या, एकदम गरीब, आवाज म्हणून नाही. खाण्यापिण्याचं? चिमूटभर टाकलं तरी पुरते. बाई ओळखीच्या माणसाबद्दलही इतकं मनापासून बोलत नाहीत. पाहुणीचा चेहरा खुलत चालला होता. मला वेळीच बोलायला हवं होतं, पण मला खोकला आला होता.

"फक्त एकच खोड हाय," बाई म्हणाल्या. "पोरं झाले का खाऊन टाकते."

त्यानंतर जे झालं ते निस्तरायला मला अर्धी दुपार लागली. ते लग्न मात्र जमलं, आणि मुलाचे वडील पत्रिका द्यायला आले तेव्हा न सांगता बादलीकडे वळले.

मागच्या हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. सकाळी पलीकडून पाण्याचा आवाज आला नाही म्हणून मी गेलो, तर त्या खाटेवर घोंगडी घेऊन पडलेल्या. अंग चटका बसावा इतकं तापलेलं. मी डॉक्टरांना बोलावलं, गोळ्या आणल्या, बायकोनं पेज करून दिली. मग माझं लक्ष टाकीकडे गेलं. पाणी गढूळलं होतं आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

मी घाईनं बादल्या घेऊन फिल्टरकडे निघालो. बाई खाटेवरून बघत होत्या. एकदा माशांकडे, एकदा माझ्याकडे. काहीतरी बोलावं की नाही असं त्यांचं चाललं होतं. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, ते नोका करू. मांगच्या खोलीत तयार पानी हाय."

मागच्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. तिथे एक निळा ड्रम होता. शेजारी छोटासा पंप घुरघुरत होता, त्याची नळी पाण्यात सोडलेली, आणि तळापासून बारीक बुडबुड्यांची रांग सारखी वर येत होती. मी पट्टी बुडवून पाहिली. हिरवीगार. आम्ही दंड दुखेपर्यंत करायचो ते काम हा पंप एकटाच, न बोलता करत होता. खिडकीबाहेर पेरूचं झाड दिसत होतं आणि त्याच्या बुंध्याशी जमीन ओली होती. आम्ही सगळ्यांनी मोकळं केलेलं पाणी कुठे जात होतं ते मला तेव्हा कळलं.

मी टाकीतलं थोडं पाणी काढून ड्रममधलं हळूहळू भरलं. जरा वेळानं मासे खाली उतरले. बाईंनी ते पाहिलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

ताप उतरल्यावर एका दुपारी त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी फाटक उघडलं. नेहमीचं बोट उठलं नाही.

"पंप पोरानं पाठवला, बंगलोरहून," त्या स्वतःच म्हणाल्या. "लय दिवस झाले."

मी म्हटलं, चांगलाच आहे की.

बाई पदर नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे गेले तवा लय लोक येत. खुर्चीच्या काठावर बसत. चहा सरला का उठत. बसा म्हटलं तं 'पुन्हा येतो' म्हनत. काम सांगितलं तं थांबतेत, भाऊ."

बादल्या आजारपणापासून भिंतीशी पालथ्या पडल्या होत्या. मी एक सुलटी केली, फिल्टरच्या नळाखाली धरली आणि तोटी सोडली.

"अर्धीच भरा," बाई म्हणाल्या. "आज मले जास्त बोलाची ताकद नाही."