विसाजीपंत वैद्य देवी टोचावयास डोंगरात गेले त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून बाळगोपाळांनी मांडी घालून ऐकावे. शके सत्राशे बेचाळीस, विक्रम नाम संवत्सरी, अमुक एका राज्यात देवीची साथ उठली आणि ती डोंगरपट्टीच्या तोंडाशी आली. मग महाराजांनी राजवैद्य विसाजीपंतांस आज्ञा केली की, साथ वर चढण्याआधी तेथील लेकरांस टोचून यावे. पंत स्वभावे लाघवी. पहिल्याच वाडीत बाळ पाहून बोलिले, "वा, काय गुटगुटीत. लोण्याचा गोळाच." तो आईने बाळ पदराखाली झाकले आणि मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या आणि दार लावून घेतले. मग वाडीची सारी दारे लागली. पंत सुई घेऊन कोंबड्यांत उभे राहिले.

पंत माघारी आले आणि हे वर्तमान दरबारी कळताच तेथील शास्त्रीबुवा म्हणाले, "पंत, डोंगरात बाळाची स्तुती केली की दृष्ट लागते. तेथे नावे ठेवावी." मग वैद्यांची शाळा भरली. उशीस टोपडे घालून पाळण्यात निजविले आणि एकेकाने येऊन त्या उशीस नावे ठेवावी, ऐसा पाठ चालला. पंतांस जमेना. म्हणाले, "बाळ किंचित सावळे आहे." शास्त्रीबुवा तापले, "अहो, सोयरीक नाही जमवायची. जोरात बोला." तेव्हा घोकघोकून पंत तयार जाले.

मग पुन्हा डोंगर चढले. पहिल्या वाडीत "काय हे माकड" म्हणताच आई प्रसन्न जाली आणि सर्व वाडीने टोचून घेतले. पंतांस स्फुरण चढले. वरच्या वाडीत सखू नामे बाईच्या मांडीवरचे लेकरू पाहून गरजले, "काय हे वाळकं कारटं!" आणि ते लेकरू सातव्या महिन्यात जन्मलेले, खरोखरच वाळके. सखूचे डोळे भरले. म्हणाली, "हायेच वाळकं. सासू बोलती, आता तुमी बी बोला." बाया उठून चालू लागल्या. साथ खालच्या ओढ्यापाशी आलेली आणि पंतांचे पाठांतर सरलेले. तेव्हा पंत भुईवर बसले आणि हळूच पुसते जाले, "बाई, चुकलो. तुमच्या लेकराशी कसे बोलावे, ते तुम्हीच सांगा." सखू म्हणाली, "काय बी बोलू नका. आधी घ्या त्याला." पंतांनी मांडीवर घेतले आणि बाळराजांनी राजवैद्यांच्या रेशमी अंगरख्यावर यथासांग अभिषेक केला. सखू हसली आणि बायाही हसत माघारी आल्या. मग सखू बोलली, "टोचा आता. तुमची वळख झाली."

मग वरच्या साऱ्या वाड्यांनी टोचून घेतले. साथ आली ती डोंगरास न शिवता पलीकडे उतरली. शास्त्रीबुवांनी पाठ सुधारला, तो ऐसा: वैद्याने आधी पुसावे, मग बाळ मांडीवर घ्यावे आणि संगती कोरडे धोतर बाळगावे. जाले ते इतुकेच.