कान पोचल्याचा दाखला

आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलेच पाहिजे, असा नागनाथ गुरुजींचा नियम होता. लग्नाच्या छापील पत्रिकेलाही ते पोच पाठवत. एकदा नळाला दोन दिवस पाणी येणार नाही अशी छापील सूचना दारात पडली, तेव्हा ‘आपले सूचनापत्र पावले, आभारी आहे’ असे कार्ड त्यांनी त्याच दिवशी टाकले होते. अशा माणसाने एका पत्राला तीन महिने उत्तर दिले नाही, ही गोष्ट सोलापुरात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. गुरुजींना मात्र ती रोज सकाळी जाग आल्याबरोबर आठवे.

पत्र १९ डिसेंबर १९७७ चे होते आणि जिल्हा ज्येष्ठ मैदानी क्रीडा मंडळाकडून आले होते.

‘विषय : जोतीराम कुंडलिक फडतरे यांचे वय. उपरोक्त इसमाने मंडळाच्या स्पर्धेत साठ वर्षांवरील गटात पंधराशे मीटर अंतर सहा मिनिटे पाच सेकंदांत धावून विक्रम केल्याचे दिसून येते. तथापि स्पर्धेतील एकेचाळीस ज्येष्ठांपैकी सदतीस जण १ जून रोजी जन्मलेले आहेत. एकाच दिवशी इतके धावपटू या जिल्ह्यात जन्मास यावेत, हे मंडळास संशयास्पद वाटते. (पदाधिकाऱ्यांच्या तारखा तपासण्याचा प्रश्न उद्भवत नाही.) सदर इसमाच्या शाळेच्या दाखल्यावर आपली सही आहे. तरी त्याची खरी जन्मतारीख उलट टपाली कळवावी.’

खाली मंडळाचे सचिव रावसाहेब यांची सही होती. रावसाहेब निवृत्त मामलेदार. पंधराशे मीटरचा आधीचा विक्रम त्यांचाच, नऊ मिनिटे चाळीस सेकंदांचा. त्या वर्षी गटात ते एकटेच होते, त्यामुळे निकालाबाबत वाद झाला नव्हता.

जोतीराम या सगळ्यात कसा आला, हे सांगायला हवे. मोहोळहून आडगावांना टपालाची थैली खांद्यावरून पोचवण्यात त्याची तीस वर्षे गेली होती. तो चालत असे असे कोणी म्हणत नसे. तो पळतच असे. पुतण्याने त्याचे नाव स्पर्धेत घातले. तो धोतराचा काचा मारून अनवाणी धावला आणि शेवटच्या रेषेवर पोचल्यावर थांबून इकडेतिकडे बघू लागला. बक्षीस बघत असेल असे लोकांना वाटले. तो म्हणाला, “पोचलो की. आता द्यायचं कुनाला?”

मैदानाच्या भिंतीवर विक्रमवीरांचा फलक आहे. त्यावर रावसाहेबांचे नाव पुसून तिथे ‘जोतीराम फडतरे’ असे लिहिले गेले, आणि पुढे कंसात ‘निर्णयाधीन’. राज्याच्या स्पर्धेला पुण्याला पाठवायचा माणूस या फलकावरूनच ठरे. म्हणजे तो कंस सुटेपर्यंत जोतीरामला पुणे नव्हते.

आणि कंस सोडवणे गुरुजींच्या हाती होते.

गुरुजी १९२३ साली एकोणीस वर्षांचे असताना मोहोळ तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेवर रुजू झाले. मूल सहा वर्षांचे झाले की नाही हे ठरवायची त्या काळची रीत साधी होती. मुलाला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचे. बोटे डाव्या कानाला लागली तर मूल सहाचे, नाही लागली तर घरी. जन्मतारीख आईबापांना माहीत नसे. शाळा जूनमध्ये भरे, म्हणून सगळ्यांची तारीख १ जून. गुरुजींनी तीच लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात नोंद केली : ‘कान पोचला’.

जोतीरामचा कान पोचला नव्हता, तरी त्याच्यापुढे शेरा तोच पडला होता. ही गोष्ट जगात फक्त आपल्याला माहीत आहे, असे गुरुजी चौपन्न वर्षे समजत आले होते. खरे लिहावे, तर जोतीराम कदाचित एकोणसाठच निघे आणि विक्रम जाई. खोटे लिहावे, तर ते या वयात पहिल्यांदा समजून उमजून लिहिलेले खोटे ठरे. आणि दोन्ही लिहायला आपण कोण, हा तिसरा प्रश्न तर त्यांना कायमच पडलेला असे.

त्यांनी सत्तावीस मसुदे केले. विसाव्याच्या सुमारास शालनबाई, त्यांच्या पत्नी, चहा ठेवून म्हणाल्या, “अहो, हे पत्र आहे की पंचवार्षिक योजना?”

“शब्द सापडत नाहीत.”

“एवढी कपाटभर पुस्तकं वाचलीत. कुठेतरी असतील की शब्द.”

“ते लेखकांचे आहेत.”

“मग तुमचे काढा. नसतील तर तसं लिहा, म्हणजे तेवढे तरी चार होतील,” असे म्हणून त्या आत गेल्या.

उत्तर न आल्याने मंडळाला दुसरा मार्ग शोधणे भाग पडले. कार्यालये स्वतःहून वेडी होत नाहीत. कोणीतरी वेळेवर उत्तर देत नाही, मग त्यांना नाइलाजाने नियमाने वागावे लागते. मंडळाने ‘वयनिश्चिती उपसमिती’ नेमली आणि जन्माच्या वेळी समक्ष हजर असलेल्या व्यक्तीची साक्ष घ्यायचे ठरवले. अशी एकच व्यक्ती जिवंत होती : जोतीरामची आई, गोजरबाई.

त्या साक्षीची हकिकत गुरुजींना निंगप्पाकडून कळली. निंगप्पा मंडळाचा कारकून. स्मरणपत्र पोस्टाने न पाठवता तो स्वतः घेऊन आला आणि ओट्यावर बसला.

“म्हातारीला रावसाहेबांनी इचारलं, ‘बाई, मुलगा कधी झाला?’ ती म्हणली, ‘मानमोडीच्या साथीत.’ म्हंजे अठरा सालचा त्यो ताप. ‘साथीच्या आधी की नंतर?’ म्हणली, ‘माणसं पटापटा मरत होती, बाबा. पोर पोटात हुतं का काखंत हुतं, ते कोण बघतंय!’”

“मग?” गुरुजींनी घाबरत विचारले.

“मग काय, मतदान झालं. काखंत, तीन. पोटात, दोन. पण अध्यक्ष म्हणले, जन्म बहुमतानं झाला असं इतिवृत्तात चांगलं दिसत नाही. मग मला तुमच्या जुन्या शाळेत धाडलं. रजिस्टर सापडलं की गुरुजी! निम्मं वाळवीनं खाल्लंय, पण तुमचा शेरा जशाचा तसा हाय.”

गुरुजींनी हातातली कपबशी ओट्यावर ठेवली.

पुढचा टप्पा तर्कशुद्ध होता. उपसमितीने ठराव केला की, ‘कान पोचला’ हा त्या काळचा एकमेव लेखी पुरावा असून ती चाचणी शाळेत मान्य होती. मान्य चाचणी रद्द केल्याचा आदेश कोठेही आढळत नाही. सबब ती आजही लागू समजावी. एकट्या जोतीरामची घेतली तर पक्षपात होईल, म्हणून एकेचाळीस ज्येष्ठांची आणि माजी विक्रमवीर म्हणून रावसाहेबांचीही चाचणी मार्चमधल्या एका शनिवारी मैदानावर घेण्यात यावी. प्रत माहितीसाठी गुरुजींना.

त्या शनिवारी गुरुजी छत्री आणि एक पुस्तक घेऊन मैदानावर गेले. आज उभे राहून सर्वांसमक्ष खरे सांगायचे, असे त्यांनी ठरवले होते. पोचल्यावर त्यांनी एक लिंबाचे झाड पाहिले आणि त्याच्या मागे बसून पुस्तक उघडले. ते उलटे आहे हे त्यांना बऱ्याच वेळाने कळले.

ज्येष्ठ ओळीने उभे राहिले. शिट्टी वाजली. बेचाळीस उजवे हात वर निघाले आणि बहुतेक वाटेतच थांबले. कोणाचा खांदा धरला होता, कोणाची पाठ. एक निवृत्त मुकादम हात वर नेऊन बसला आणि तो खाली आणायला दोघे लागले.

“तिप्पण्णा, अजून वर! अजून!”

“अवो, जेवताना घास तोंडापातूर येत न्हाई, कान कुटला आणू?”

निंगप्पा प्रत्येकापुढे वही घेऊन थांबत होता. “पोचला. न्हाई पोचला. न्हाई पोचला. साहेब, तुमचं काय लिवू?”

रावसाहेबांचा हात टोपीवर येऊन थांबला होता. “लिही, प्रयत्न समाधानकारक.”

“तसा रकाना न्हाई, साहेब.”

सहा जणांचा पोचला. उरलेले छत्तीस ज्येष्ठ अधिकृतपणे सहा वर्षांच्या आतले ठरले.

जोतीराम शेवटी उभा होता. ज्या खांद्यावर तीस वर्षे थैली होती तो खांदा वर येईना. त्याने दात आवळले. बोटे टाळूपर्यंत आली आणि थांबली. मग त्याने हळूच मान एका अंगाला कलती केली. अगदी १९२३ साली केली होती तशीच. गुरुजींचे पुस्तक मांडीवरून घसरले.

“मान सरळ!” निंगप्पा ओरडला. “न्हाई पोचला.”

बाजूला सतरंजीवर बसलेल्या गोजरबाईंनी त्याच वेळी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान खाजवला. त्या मैदानात सगळ्यांत निःसंशय सज्ञान त्याच दिसत होत्या.

आता प्रश्न असा आला की, सहा वर्षांच्या आतल्या स्पर्धकाचा विक्रम धरायचा कसा. मंडळाची नियमावली शाळेच्या बालक्रीडा स्पर्धेवरून उतरवलेली होती. ‘बालक’ हा शब्द खोडून सगळीकडे ‘ज्येष्ठ’ घातला होता, पण कलम चौदा खोडायचे राहून गेले होते. त्यानुसार सहा वर्षांखालील ज्येष्ठाने पालकाच्या लेखी संमतीनेच धावावे, असा नियम होता. पस्तीस ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिले. कोणाचे वडील पंचेचाळीस साली गेले होते, कोणाची आई त्याआधी. रावसाहेब टोपी नीट करू लागले. त्यांचा जुना विक्रमही पालकांच्या संमतीअभावी त्याच क्षणी गेला होता.

गोजरबाईंपुढे कागद आणि शाईची पेटी ठेवली गेली.

“ह्यानं पळलं तर चालंल का तुमाला?” निंगप्पाने विचारले.

“आता इचारता व्हय? आवरला असता तर लहानपनीच आवरला नसता का!” म्हातारीने अंगठा उठवला.

संमती मिळाली. तरीही एक कागद कमी होता. सहाच्या आतले मूल पहिलीत घेतलेच कसे, याचा गुरुजींचा खुलासा. तो एकतीस मार्चच्या आत न आल्यास फलकावरचे नाव पुसण्यात येईल, असे रावसाहेबांनी खड्या आवाजात वाचून दाखवले. हरवलेल्या विक्रमाचे दुःख माणसाचा आवाज स्वच्छ करते.

गर्दी पांगली. झाडामागे छत्री दिसली म्हणून जोतीराम तिकडे आला आणि वाकून पाया पडला.

“गुरुजी! हितं का बसलाव?”

“सावली होती,” गुरुजी म्हणाले. मग धीर करून, जमिनीकडे बघत म्हणाले, “जोतीराम, तुझा हात तेव्हा…”

“पोचला नव्हता. म्हाईत हाय की मला. म्यां मान वाकडी केल्ती.”

“तुला माहीत होतं?”

“मला व्हतं, आईला व्हतं. वाडीवरची पोरं तर म्हैनाभर चिडवत व्हती.” तो हसला, मग गंभीर झाला. “गुरुजी, येक सांगू का? राग मानू नगा. तीस वर्सं मी लोकांची पत्रं पळवली. पत्र वंगाळ असलं तर मान्सं रडायची, पर वाट बघनं सुटायचं. पत्रच न्हाई आलं की लई वाईट. दारात उभी ऱ्हायाची, आन् मी नुस्ता म्होरनं पळत जायाचो. तुमी काय बी लिवा. साठ लिवा, सा लिवा. पर लिवा.”

गुरुजींनी मान हलवली. “पुण्याला जायचं आहे ना तुला?”

“तितं म्हनं लाल मातीची पट्टी हाय. पायाला खडा लागत न्हाई.” एवढेच तो म्हणाला, आणि आईला एस.टी.वर न्यायला निघाला.

गुरुजी थेट पोस्टात गेले. आंतर्देशीय पत्र घेतले आणि सुतळीने बांधलेल्या पेनाने, उभ्या उभ्या, मसुदा न करता लिहिले :

‘श्री. रावसाहेब यांस सप्रेम नमस्कार. उत्तरास उशीर झाला, त्यामुळे मंडळास फार त्रास झाला. क्षमस्व. जोतीरामचा कान १९२३ साली पोचला नव्हता. तो वाडीवरून तीन मैल पळत, घंटेच्या आधी, सलग चार दिवस दारात येऊन उभा राहिला, म्हणून मी पोचला असे लिहिले. त्याचे खरे वय मला माहीत नाही. धावणे त्याचे आहे, तारीख माझी आहे. पुसायचे असेल ते माझे पुसावे.

‘एकोणचाळीस वर्षांत मी हजारावर मुलांना हीच तारीख दिली. त्यांपैकी कित्येक पुढे मोठ्या हुद्द्यांवर चढले आणि त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्त झाले. त्या तारखेवर त्यांनी लग्ने केली, मते दिली, दुसऱ्यांचे दाखले तपासले. जोतीरामचा विक्रम खोटा ठरल्यास हे सर्वही तपासावे लागेल. सर्व नावे मला आठवतात. मागणी आल्यास यादी पाठवीन. मात्र मागणी करण्यापूर्वी हे पत्र फोडणाऱ्याने, वाचणाऱ्याने आणि फायलीला लावणाऱ्याने आपापला शाळेचा दाखला एकदा काढून पाहावा, ही विनंती. माझा मी पाहिला आहे.

‘आपला, नागनाथ गुरुजी.’

त्यांनी पत्राच्या कडा चिकटवल्या. पेटीच्या तोंडाशी हात नेऊन ते सवयीने क्षणभर घुटमळले. मागे उभी असलेली बाई म्हणाली, “टाका की बाबा, आमालाबी टाकायचंय.” गुरुजींनी पत्र सोडले.