पाठीवरचं वय

एकच खोटं चाळीस वर्षं बोलायचं आणि एकदाही सापडायचं नाही, हे काम येरागबाळ्याचं नाही. बाईंनी ते करून दाखवलं होतं. म्हणजे तसं मूळ खोटं त्यांचं नव्हतंच. ते त्यांच्या आत्याचं. लग्न ठरताना मुलगा पंचविशीचा आहे असं कळलं, आणि आत्याने मुलगीही पंचवीसचीच कशी सांगायची म्हणून तीन वर्षं जागच्या जागी छाटली. बाई बावीस वर्षांच्या म्हणून बोहल्यावर चढल्या आणि पुढे दरवर्षी इमानेइतबारे एकेक वर्षाने वाढत गेल्या. हिशेब कधी चुकला नाही.

बाई शाळेत खेळ शिकवायच्या. गल्लीत, भाजीच्या दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे त्यांना बाईच म्हणत. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता, म्हणून ते फोटोवाले. फोटोवाल्यांचे कागद स्टुडिओच्या खणात आणि बाईंचे कागद बाईंच्या कपाटात. कपाटाची किल्ली बाईंकडे. एकमेकांच्या कागदांना हात लावायचा नाही, हा नियम लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाईंनी घातला होता आणि फोटोवाल्यांनी तो लगेच मान्य केला होता. किती समजूतदार नवरा मिळाला, असं बाईंना तेव्हा वाटलं होतं.

खरी कसोटी लागली ती शाळेने अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोप दिला तेव्हा. घरच्या हिशेबाने बाई पंचावन्नच्या होत्या. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. फोटोवाल्यांचे डोळे भरून आले. माझ्यासाठी हिने तीन वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडलं, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला हनुवटी वर करायला सांगता सांगता हेसुद्धा सांगायचे.

तर अशा या घरात एक दिवस फोटोवाले वर्तमानपत्र नाचवत आले. प्रौढ खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा यंदा त्यांच्याच शहरात भरणार होती. पोहणं, पळणं, सायकल, टेबल टेनिस, काय वाटेल ते. देशोदेशीचे लोक येणार आणि आपापल्या वयाच्या गटात खेळणार. "मिश्र दुहेरी बॅडमिंटन," फोटोवाले म्हणाले. "तू पुढे, मी मागे. पदक घरात आलंच म्हणून समज."

पदक या शब्दाला बाई विरघळल्या. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना पळवलं, उड्या मारायला लावलं आणि त्यांच्या गळ्यात पदकं घातली. स्वतःच्या गळ्यात कायम शिट्टी. मरायच्या आधी एकदा, एकदाच, तो गोल तुकडा आपल्या छातीवर लोंबावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, पण होती.

फोटोवाल्यांनी अर्ज भरला. स्वतः पासष्ट, बाई बासष्ट. जोडीत जो लहान असेल त्याच्या वयावरून गट ठरायचा, म्हणून गट साठीचा. पाच महिने दोघांनी कॉलनीच्या हॉलमध्ये घाम गाळला. बाई जाळीपाशी, फोटोवाले मागे. बाई इतक्या तयार झाल्या, की शेजारणी खिडकीत उभ्या राहून बघू लागल्या. मग स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पत्र आलं: जन्मतारखेचा मूळ दाखला घेऊन तपासणीला हजर राहावे.

तपासणीच्या दिवशी फोटोवाल्यांना कुठे कटवावं, या विचारात बाई स्टेडियमवर पोचल्या. पण नशीब असं, की तिथे पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. आणि फोटोवाले स्वतःच म्हणाले, तू तुझं उरक, मी माझं बघतो, वाट बघू नकोस. बाईंचा जीव भांड्यात पडला.

टेबलामागे जाड चष्म्याच्या एक तपासनीस बाई बसल्या होत्या. त्यांनी दाखला बघितला, अर्ज बघितला, पुन्हा दाखला बघितला.

"इथे बासष्ट लिहिलंय. तुम्ही तर पासष्ट पूर्ण आहात."

"हळू बोला," बाई म्हणाल्या.

"का? अभिनंदन तुमचं." तपासनीस बाई मोकळेपणाने हसल्या. "इथे रोज दोघंतिघं वय वाढवून सांगणारे सापडतात. वरच्या गटात सोपं जातं ना. कमी सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

रांगेतल्या चार बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढची बाई एकोणऐंशीची होती आणि पुढच्या वर्षी ऐंशीच्या गटात जाणार म्हणून तिला आनंद मावत नव्हता. बाईंना वाटलं आपण चुकून उलट्या जगात आलो. इथे ज्याचं वय जास्त, त्याचा तोरा जास्त. नव्वदीची एक आजी गोळाफेकीला आली होती, तर लोक तिच्याबरोबर फोटो काढायला धडपडत होते.

पण खरा घोटाळा पुढे होता. तपासनीस बाईंनी हातात एक कापडी चौकोन आणि चार सेफ्टी पिना ठेवल्या. चौकोनावर वीतभर उंच आकडा होता. पासष्ट. प्रत्येकाने आपला वयोगट पाठीवर लावायचा, असा नियम होता. दुहेरीत असलात तरी ज्याचा त्याचा.

बाईंनी चौकोन उलटसुलट करून बघितला. मग त्यांना आठवलं, की मिश्र दुहेरीत त्या पुढे असतात आणि फोटोवाले मागे. म्हणजे सबंध सामनाभर फोटोवाल्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असणार होती आणि ती म्हणजे बाईंची पाठ.

बाहेर आल्यावर त्यांनी फोटोवाल्यांना सांगितलं, की साठीचा गट भरला, आपल्याला पासष्टच्या गटात ढकललंय. बाईंना वाटलं आता शंभर प्रश्न येतील. पण फोटोवाले "बरंच झालं, बरंच झालं" म्हणून घाईघाईने पाणी प्यायला गेले. त्यांनी घरातून निघताना न घातलेलं जाड जाकीट आता अंगात होतं, गळ्यापर्यंत चेन लावलेली. बाईंना वाटलं कणकण आली असावी. पण विचारायला जावं तर ते आपल्यालाही विचारतील, की खांद्यावरून पाठीवर हा मोठा टॉवेल कशाला घेतलायस. म्हणून त्या गप्प बसल्या.

सामना त्याच दिवशी होता. पासष्टच्या गटात जोड्या चारच. पहिला सामना जिंकला, की अंतिम फेरी आणि निदान रौप्यपदक पक्कं. समोर परदेशी जोडपं होतं. ती ताडमाड उंच आणि हसरी, तो बुटका, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. पंच मात्र कडक होते. त्यांनी दोघांकडे बघून जाकीट आणि टॉवेल उतरवायला सांगितलं. पाठ उघडी हवी, आकडा दिसायला हवा.

बाईंनी टॉवेल काढला आणि फोटोवाल्यांकडे तोंड करून एक पाऊल मागे घेतलं. फोटोवाल्यांनी जाकीट काढलं आणि बाईंकडे तोंड करून एक पाऊल मागे घेतलं. अशी दोघं एकमेकांना निरखत कोर्टावर उतरली. बघणाऱ्यांना वाटलं, काय प्रेम आहे.

सामना सुरू झाला आणि बाई पुढे जायच्या ऐवजी थेट मागच्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. फोटोवाले तिथे आधीच होते. बाई आल्या तसे ते आणखी वीतभर मागे सरकले. मग बाई सरकल्या. शेवटी दोघं रेषेवर खांद्याला खांदा लावून उभी, मागे रेषेवरच्या पंचांनी आपली खुर्ची उचलून दूर नेली. जाळीजवळ मात्र इतकी मोकळी जागा, की तिथे चार खाटा मांडता आल्या असत्या.

बुटक्याच्या हे दुसऱ्याच गुणाला लक्षात आलं. त्याने शटल जाळीवरून नुसतं अलगद टाकायला सुरुवात केली. टप. एक गुण. टप. दुसरा. "तुझं," फोटोवाले म्हणायचे. "तुमचं," बाई म्हणायच्या. आणि दोघं जागची हलायची नाहीत. पाच महिन्यांची तयारी दहा मिनिटांत मातीला मिळाली. पहिला गेम पाच-एकवीस असा गेला. त्या पाचातले तीन गुण समोरच्यांना हसू आवरेना म्हणून मिळाले होते.

मधल्या सुटीत दोघं खुर्च्यांना पाठी घट्ट टेकवून बसली. फोटोवाले म्हणाले, तू पुढे का जात नाहीस, तुझी जागा आहे ती. बाई म्हणाल्या, आज तुम्ही जा, माझा खांदा धरलाय. फोटोवाले म्हणाले, छे, मला पुढचं नीट दिसत नाही. हे सांगताना त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून सुटीची किती मिनिटं उरली तेही सांगितलं.

बाईंनी कोर्टाच्या कडेला नजर टाकली. तिथे टेबलावर निळ्या मखमलीवर पदकं मांडून ठेवली होती. आणखी दहा मिनिटं असंच मागे उभं राहिलं, की ती तिथूनच दुसऱ्याच्या गळ्यात जाणार. तीन वर्षं लपवायची म्हणून. बाईंना एकदम स्वतःचा राग आला. आत्या जाऊन वीस वर्षं झाली होती आणि तिचं खोटं त्या अजून पाठीवर वागवत होत्या.

"अहो," त्या उठून म्हणाल्या, "मी पुढे जाते. पण माझ्या पाठीकडे बघून एक शब्द बोलायचा नाही. सामना संपेपर्यंत नाही."

आणि त्या चालत जाळीपर्यंत गेल्या. कोर्टाची ती बारा-पंधरा पावलं त्यांना बोहल्यापर्यंतच्या चालीपेक्षा लांब वाटली. पहिलं शटल त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि मागे कुणी मारलंच नाही. फोटोवाले बघत उभे राहिले असणार. गुण गेला. बाईंचे कान तापले. पुढचं शटल यायच्या आत मागून एक विचित्र आवाज आला. खोकल्यासारखा. मग तो वाढला. फोटोवाले हसत होते. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पंचांनी त्यांना ताकीद दिली.

त्यानंतर जे झालं ते बघायला शेजारच्या कोर्टावरचे लोकही जमले. जाळीपाशी बाई वाघिणीसारख्या आणि मागे फोटोवाले असे काही सुटले, की पाच महिन्यांत ते तसे कधी खेळले नव्हते. दुसरा गेम एकवीस-सतरा. तिसरा एकवीस-एकोणीस. शेवटचं शटल बाईंनी जाळीवरून अलगद टाकलं. टप. बुटक्याने जागेवरूनच त्यांना सलाम केला.

बाई आनंदाने वळल्या. नवऱ्याने आपल्याला माफ केलं, हसून सोडून दिलं, केवढ्या मनाचा माणूस, असं त्यांना भरून आलं. पण तो मोठ्या मनाचा माणूस त्यांच्याकडे तोंड ठेवून मागे मागे खुर्चीकडे निघाला होता. तेवढ्यात ती उंच परदेशी बाई जाळीखालून आली. तिने फोटोवाल्यांच्या पाठीकडे बघितलं, आश्चर्याने दोन्ही हात गालांवर ठेवले आणि कौतुकाने त्यांचे खांदे धरून त्यांना गर्रकन फिरवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. पाठीवर सत्तर.

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. बाई सोडून.

"सत्तर?"

"पूर्ण," फोटोवाले भिंतीकडे बघत म्हणाले.

"लग्नात पंचवीस सांगितलं होतं."

"मी कुठे? ते काकांनी सांगितलं. तिशीच्या घोड्याला मुलगी कोण देणार म्हणाले."

बाईंनी मनातल्या मनात चाळीस वर्षं उलटी मोजली. पाच वर्षांपूर्वी यांच्या साठीनिमित्त त्यांनी सत्तर माणसं जेवायला बोलावली होती, स्वतः उभं राहून भाषण केलं होतं. तेव्हा हा गृहस्थ पासष्टचा होता आणि लाजून लाजून शुभेच्छा घेत होता. फोटोवाल्यांनी सुद्धा आपली बाजू मांडली. बाईंच्या स्वेच्छानिवृत्तीचं कौतुक त्यांनी सात वर्षं गावभर केलं होतं, त्याचं काय? तुझी तीन, माझी पाच, वजा जाता फक्त दोनच उरतात, असा त्यांनी सौदा टाकला. त्या दोन वर्षांचं काय करायचं ते मी घरी गेल्यावर बघते, असं बाई म्हणाल्या. पण म्हणता म्हणताच त्यांना हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. चाळीस वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस इतका हलका होतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना ते सपाटून हरले. पण रौप्यपदक गळ्यात पडलं आणि बाई ते हातात धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग रडल्या. फोटोवाल्यांनी फोटो काढला आणि तो चक्क हलला.

निघताना जाड चष्म्याच्या तपासनीस बाई भेटल्या. त्यांनी फोटोवाल्यांची पाठ बघून सहज सांगितलं, की सत्तरच्या पुरुष एकेरीत यंदा एकच नाव आलं होतं. ते गृहस्थ रॅकेट घेऊन कोर्टावर दोन मिनिटं उभे राहिले आणि सुवर्णपदक घेऊन गेले. तुम्ही नाव दिलं असतं तर घरबसल्या रौप्य होतं, नशिबात असतं तर सोनंही.

फोटोवाले थेट नोंदणीच्या टेबलावर गेले. "माझं नाव घ्या. मी सत्तर पूर्ण आहे," असं ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की पोहण्याच्या तलावापर्यंत ऐकू गेलं. दाखला काढून त्यांनी टेबलावर आपटला. नोंदणी महिन्यापूर्वीच बंद झाली होती.

घरी जाताना रिक्षावाल्याला, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला, दूध द्यायला आलेल्या बाईला, जो दिसेल त्याला ते न विचारता आपलं वय सांगत होते. दूधवालीने मग बाईंकडे वळून विचारलं, आणि बाई तुम्ही?

"बासष्ट," बाई म्हणाल्या. स्पर्धा संपली होती.