बटणाशी बसायला माणूस

दत्तूकाकांचा डावा हात मी कधी पाहिलाच नव्हता. तो सदैव पँटच्या खिशात. नमस्कारसुद्धा एकाच हाताने. न्यूझीलंडमधल्या लोअर हटला आमची घरं शेजारी-शेजारी; बाकीच्या शेजाऱ्यांना वाटे, म्हातारा फार शिष्ट आहे.

मिरजेत त्यांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. "विजेच्या कामाला एकच हात. दोन्ही घातलेस की शॉक काळजातून जातो," हे ते भेटेल त्याला ऐकवत, पोस्टमनलासुद्धा. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. इथे एका गराज सेलमध्ये त्यांना व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळाला आणि मुलाची गाडी गराजमधून पावसात गेली.

"नर्स आहेस ना? मग शनिवारी बटणाशी बस," मला हुकूम झाला. त्यांचा दुसरा नियम: एकट्याने चालू करायचं नाही. मिरजेत बटणाशी काकू बसायच्या, भाजी निवडत. इथे मुलगा-सून शनिवारी नातवंडांच्या नेटबॉलला जात.

जुलैच्या थंडीत मला मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, घालायला लावून ते स्टुलावर बसवत. वायरीत मध्येच एक शंभराचा बल्ब जोडलेला. "भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद कर. मला विचारत बसू नकोस." मी बटण दाबायची. बल्ब पेटायचाच नाही. "आज रुसलाय. पुढच्या शनिवारी बघू." मग प्लग काढून, आत साठलेली वीज मीटरवर शून्य होईपर्यंत थांबायचं. मीटर आधीपासून शून्यच असे, तरी थांबायचं. तेवढ्यात चहा, आणि काकूंच्या आठवणी. असे नऊ शनिवार गेले. मला त्यांच्या कारागिरीचीच शंका यायला लागली.

दहाव्या शनिवारी मीटरपाशी थांबलो असताना मी सांगितलं, "काका, मला ऑकलंडला जॉब मिळालाय. मंगळवारी निघतेय."

काकांनी मीटर बाजूला ठेवला. मग डावा हात खिशातून बाहेर आला. तळव्यावर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेला काचेचा छोटा फ्यूज होता.

"दुरुस्त होऊन दोन महिने झाले," ते म्हणाले. "चालू झाला असता तर तू कशाला आली असतीस?"

मला राग यायला हवा होता. आलं ते रडू.

त्यांनी फ्यूज बसवला, प्लग लावला, हात परत खिशात घातला. "दाब." बल्ब भगभगला आणि मंद झाला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. जोडलेल्या टेपवरच्या कॅसेटमधली सतार गराजभर वाजू लागली.

कॅसेटची एक बाजू संपली. "झालं. आता ऊठ," काका म्हणाले.

मी बटणावरचा हात काढला नाही. म्हटलं, "दुसरी बाजू लावा, काका. मी बसलेय."