बसतच नही!

कानबाई बसवायचा रविवार आणि ज्योतीचं पॅकेज बसवायचा रविवार एकच निघाला, यात चूक कोणाचीच नव्हती. कानबाई ही खानदेशची देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी येते, ती पंचांगाप्रमाणे. ज्योतीची मुलाखत सोमवारी होती, ती साहेबांच्या सोयीप्रमाणे. जळगावच्या एका संशोधन संस्थेत विहिरींच्या पाण्याचं गणित मांडायची नोकरी होती आणि अट अशी, की आपल्याच लॅपटॉपवर ते गणित चालवून दाखवायचं. त्यासाठी तयार सूत्रांचं एक पॅकेज लॅपटॉपवर बसवायला हवं, आणि पॅकेजला कंपायलर हवा, म्हणजे आपलं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवून देणारा दुभाष्या. धरणगावच्या त्या घरात त्या दिवशी अख्खी भाऊबंदकी जमली होती, पण दुभाष्या तेवढा येत नव्हता.

बाहेरच्या खोलीत पाटावर कलश, कलशावर नारळ मांडून झुलाल आबा मंडळींसह ओट्यावर चहाला गेले होते. आबा म्हणजे ज्योतीचे चुलत आजोबा. देवाच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा, आणि पहिलाही तेच बोलत. इतक्यात स्वयंपाकघरातून भागाबाई काकूंनी कणीक मळता मळता आवाज दिला, "बसनी का व?"

काकू विचारत होत्या कानबाईचं. आतल्या खोलीतल्या ज्योतीला वाटलं, आपल्यालाच विचारतात.

"नही ना काकू! तीनदा काढं, तीनदा बसाडं. बसतच नही!"

काकू कणकेच्या हातांनी ओट्यावर धावल्या. "आबा, कानबाई बसत नही म्हने!"

आबा आत आले. नारळ खरंच जरासा कलला होता. तो दर वर्षी कललेलाच असतो, पण आज सगळ्यांना दिसला.

"काही तरी चुकनं," आबा म्हणाले. "कोनी चुकाडं ते बोला."

मग कबुलीजबाब सुरू झाले. चंदनने नैवेद्याआधी खीर चाखल्याचं सांगितलं. एक सूनबाई पाटाजवळून चपला घालून गेल्या होत्या. जितेंद्रने तर काही संबंध नसताना, थोरल्या भावाच्या मोटारसायकलचा आरसा आपणच फोडल्याचं सांगून टाकलं आणि नंतर फार पस्तावला. नारळ बदलला, पाट फिरवला, तरी कोणाचं समाधान होईना.

इकडे ज्योतीने जळगावच्या पुनीतला फोन लावला होता. हा तिच्या वर्गातला, कापडवाल्या मांगीलालशेटचा मुलगा. दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून फोन स्पीकरवर.

"काय लिहून येतंय?"

"फोल्डर सापडत नाही म्हणे."

"युजरचं नाव काय दिलंयस?"

ज्योतीने जीभ चावली. लॅपटॉप घरी आला तेव्हा आईने, प्रमिलाबाईंनी, त्याला हळदकुंकू वाहून पहिलं नाव देवीचंच घालायला लावलं होतं. तेव्हापासून तिचं सगळं सामान 'कानबाई माता' याच फोल्डरमध्ये होतं.

"बघ! मराठी अक्षरं, वर मधे मोकळी जागा. कंपायलर तिथेच अडतोय. सगळा घोळ त्या कानबाईचा आहे. काढून टाक तिला!"

दारात आबा उभे होते आणि आबांच्या मागे भाऊबंदकी.

"कोन शे रे तू?" आबांनी फोनला विचारलं. "कोननी कानबाई काढस? नाव सांग!"

पुनीतने फोन ठेवला. व्यापाऱ्याचा मुलगा, तोटा लांबूनच ओळखतो.

ज्योतीचे डोळे भरून आले. "सोमवारले हाई चालनं नही तं मन्ही नौकरी गयी, आबा. देवीले मी काढत नही. तिले तठेच ऱ्हाऊ देस. मशीनमा बाहेरना बाजूले नवी जागा करस."

"तठे नाव कोनं?"

काहीही चाललं असतं. पण आबांचा चेहरा पाहून ज्योती म्हणाली, "कानबाईनंच."

तिने ड्राइव्हवर सरळ नवा फोल्डर केला, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. आबांनी एकेक अक्षर वाचून घेतलं. "माता कोठे गयी?"

"मांगून ई ऱ्हायनी, आबा." माता मागून येतेय, असं ज्योतीने ठोकून दिलं.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. सगळे हात जोडून उभे राहिले. शेवटची ओळ थांबली आणि ज्योती ओरडली, "बसनं!"

"बसनी!" काकू ओरडल्या. बाहेर ढोल वाजला. नवा नारळही तेवढाच कलला होता, पण आता तिकडे कोण पाहतो!

सोमवारी सकाळी ज्योती एसटी गाठायला निघाली, तर आबा दारात रिकामा पाट घेऊन उभे.

"मशीनमधली आन. बसाडी ती सोमवारले बोळावनी पडस."

बोळवायची म्हणजे नदीच्या पाण्यात सोडायची; ज्योतीने लॅपटॉप छातीशी धरला. प्रमिलाबाई पुढे झाल्या. "आबा, ती आते कामवर शे. पोरले नौकरी लागू द्या, मंग बोळाऊ."

आबांनी विचार केला. कामावर गेलेल्याला उठवू नये, हे त्यांना पटलं. त्यांनी पाट बाजूला घेतला आणि लॅपटॉपला नमस्कार करून वाट दिली.

मुलाखतीत गणित पहिल्या फटक्यात चाललं. विहिरींच्या पाण्याच्या रेषा वर-खाली होत पडद्यावर उमटल्या. पण चष्मेवाले साहेब रेषांकडे पाहतच नव्हते. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे कानबाई काय आहे?"

"फोल्डर आहे, सर. कंपायलर तिथे बसवलाय."

"कधी?"

"काल."

साहेबांनी चष्मा काढला. इतका वेळ ते अगदी पुस्तकी मराठी बोलत होते. "काल रविवारले बसाडी, आज सोमवार शे. आनि आजून बोळाई नही?"

ज्योतीला हसू आवरेना. "नौकरी लागावर बोळावानं ठरेल शे, सर."

साहेबांनी पाण्याच्या रेषा नीट पाहिल्या, शेजारच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी हसून मान हलवली.

"मंग घर जाय," साहेब म्हणाले, "आनि आजच बोळाई टाक."