उजवीकडे न वळणारी गाडी आणि गंगव्वाची पंचमी

वस्तू कधीच नादुरुस्त नसते; माणूसच तिच्याशी जुळवून घ्यायला कमी पडतो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी सोलापूरच्या चन्नवीरअण्णा हत्तुरे यांची छोटी गाडी पाहावी. अण्णांनी सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आणि निवृत्तीनंतर ही गाडी घेतली.

पहिल्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढायची. खड्ड्यात गेली की पुढून खटखट यायची आणि उजवीकडे वळवताना स्टिअरिंग अर्ध्यातच अडून बसायचं. चौदा महिन्यांत ती अकरा वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली. या काळात लोअर आर्म तीनदा, बुश चारदा, स्टिअरिंगचा रॅक एकदा आणि सल्लागार पाचदा बदलण्यात आले (सल्लागार बदलला की आवाज दोन दिवस बंद असे). सहावा सल्लागार अभिमन्यू याने मात्र प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. वाहन उत्तम स्थितीत असून रस्ते उजवीकडे गरजेपेक्षा जास्त वळतात, असा लेखी अभिप्राय त्याने शिक्क्यानिशी दिला. शिक्का पाहून अण्णांचं समाधान झालं. त्यांनी कागद लॅमिनेट करून घेतला.

मग घराने आपलं आयुष्यच डावीकडे वळवलं. न्हावी बदलला, दूधवाला बदलला. दातांचा डॉक्टर उजवीकडे असल्याने अण्णांच्या पत्नी राजेश्वरीबाईंनी किडलेली दाढ तशीच ठेवली. एका पाहणीनुसार (पाहणी अण्णांनीच केली) बावन्न टक्के नातेवाईक डावीकडे राहत असल्याचं आढळलं. उरलेले तसेही लग्नाकार्यात मानपानावरून रुसणारेच होते.

अडचण एकच होती. धाकटी बहीण गंगव्वा अक्कलकोटला दिली होती आणि तिची गल्ली मुख्य रस्त्याच्या उजव्या हाताला. नागपंचमीला भावाने जाऊन बहिणीला माहेरी आणायचं, ही रीत. गेल्या पंचमीला अण्णा गल्लीपर्यंत गेले आणि तसेच पुढे निघून गेले. गंगव्वा भरलेली पिशवी घेऊन संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात बसून होती, आणि जावांनी भाऊ हाय का न्हाय म्हणून विचारून घेतलं. याचं अण्णांना मनापासून वाईट वाटलं होतं. यंदाही आला नाहीस तर माहेर तुटलं समजेन, असा तिचा निरोप आला होता.

म्हणून या वेळी अण्णा तयारीनिशी निघाले. तीन डावी वळणं मिळून एक उजवं वळण होतं, हे त्यांनी आदल्या दिवशी ताटात वाटी फिरवून सिद्ध केलं होतं. अक्कलकोटात पहिलं वळण जमलं, दुसरं जमलं. थेट गल्लीसमोर उतरणारं तिसरं मात्र गटारीसाठी खोदलेलं होतं (काम प्रगतिपथावर, वर्ष दुसरं). त्यापुढच्या डाव्या वळणाने ते पुन्हा मुख्य रस्त्याला लागले आणि पुन्हा गल्लीवरून पुढे गेले. अशा सात फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत ते गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू करत आणि बहिणीला हात दाखवत, कारण नातं टिकवायचं तर संपर्क लागतो.

आठव्या फेरीला गंगव्वा पिशवी घेऊन रस्त्यावरच येऊन उभी होती. अण्णांनी गाडी थांबवली. ती आत बसली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली.

"अण्णा, हितनं घर चाळीस पावलं हाय. गाडी वळत न्हाय तर न्हाय. तू उतरून का आला न्हाईस?"

अण्णांनी समोरच्या खणातून अभिमन्यूचा लॅमिनेट केलेला कागद काढून वरपासून खालपर्यंत वाचला.

"तसं ह्या कागदात कुटं लिवलं न्हाय की, गंगव्वा."

चाळीस पावलांपायी ती वर्षभर रडली होती. आता तिला हसावं का रडावं ते कळेना, आणि गाडी खटखट करत डाव्या कडेने सोलापूरकडे निघाली.

अण्णांना हसायला काहीच हरकत नाही. मात्र सुज्ञ वाचकांनी एवढं मान्य करावं, की आपणही इथवर आलात ते दोष रॅकचा, सल्लागाराचा की गटारीचा याचा निवाडा करत. अण्णांनी खाली उतरावं, हे गंगव्वाने बोलून दाखवेपर्यंत आपल्याही डोक्यात आलं नव्हतं. आलं होतं म्हणत असाल, तर आपल्या ज्या माणसाकडे जायला दोन वर्षं रस्ता वळत नाही, त्याच्या दारापर्यंतची पावलं आज मोजून या.